संसद इथेच भरली पाहिजे

४ सप्टेंबर

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे नेमकं काय होतं, ते आज कळलं. आधी कान तापतात.

सकाळी इस्त्रीवाला पेपर घेऊन दारात उभा. म्हणाला, "भडक्या, वाच. गेली तुझी संसद."

बातमी चार ओळींची. खर्च आणि कर्मचाऱ्यांच्या अडचणी लक्षात घेता यंदाचं अधिवेशन राजधानीतच घेण्याचा विचार आहे. विचार! या लोकांना विचार कधीपासून सुचायला लागला?

दोन प्रांत जोडून हा देश झाला, तेव्हा करार झाला होता की संसद वर्षभर कुठेही भरो, एक अधिवेशन आमच्या गावात. टेकडीवरची ती इमारत त्यासाठीच बांधली. चार आठवडे तिथे दिवे, गाड्या, पहारे, आणि उरलेलं वर्षभर कुलूप. पण त्या चार आठवड्यांसाठी आमचं गाव वर्षभर जगतं. गावात हॉटेलं दोन, माणसं येतात हजारभर. म्हणून घराघरांत त्यांना खोल्या द्यायच्या, हा इथला रिवाज. मंत्री विश्रामगृहात, बाकीचे आमच्या गल्ल्यांत. आम्ही त्यांना 'अधिवेशनाची माणसं' म्हणतो. इस्त्रीवाल्याकडे दरवर्षी तोच विरोधी पक्षनेत्याचा स्वीय सहायक उतरतो. त्याच्या घोरण्याची इस्त्रीवाल्याच्या बायकोला इतकी सवय झालीय, की तो गेला की तिला आठवडाभर झोप लागत नाही.

आमच्याकडे वरची खोली देतात. म्हणजे माझी.

वहिनी म्हणाली, "एवढं लालबुंद व्हायला काय झालं? यंदा तुला खोली सोडावी लागणार नाही, हे चांगलंच की."

मी पेपर फाडला. दादाने अजून वाचला नव्हता. त्यावरून वेगळं भांडण.

५ सप्टेंबर

इथे खरं लिहायला हरकत नाही, ही वही माझीच आहे.

ती दोन वर्षं आमच्याकडे उतरली. संसदेत लघुलेखिका आहे. सभागृहात जो जे बोलेल ते सगळं टिपून घेणारी. अध्यक्षांच्या आसनाखाली एक बुटकं टेबल असतं, तिथे बसते. वरून खासदार एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि हिची पेन्सिल शांत चाललेली. पहिल्या वर्षी खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या मला म्हणाली, "काय मालक, तुमच्या राज्यात राहायची परवानगी आहे ना?" तेव्हापासून मी मालक. गल्लीला मी भडक्या, दादाला गाढव, तिला मालक.

रात्रीच्या जेवणाला आमच्यातच बसायची. मी एकदा विचारलं, सगळ्या देशांत संसद एकाच जागी भरते का? तर तिने ताटावर बोटाने नकाशेच काढले. एका डोंगराळ देशात म्हणे खासदार वर्षातून चार वेळा तीन-तीन आठवडे जमतात, आणि मधल्या काळात आपापला धंदा बघतात. कुठे संसद दर महिन्याला पेट्यांत कागद भरून शेजारच्या देशात जाते आणि चार दिवसांनी पेट्या घेऊन परत येते. एका देशाची राजधानी एका शहरात आणि संसद दुसऱ्याच शहरात, समुद्राकाठी. आणि एका थंड बेटावर हजार वर्षांपूर्वी लोक उघड्या मैदानात जमायचे. कायदे तोंडपाठ म्हणून दाखवणारा माणूस खडकावर उभा राहायचा. "तेव्हा माझं पोट कशावर भरलं असतं कोण जाणे," ती म्हणाली, "लिहायला काही नव्हतंच."

असं बोलणारी मुलगी आख्ख्या कॉलेजात एकही नव्हती.

कॉलेज मी गेल्या वर्षी सोडलं. परीक्षा अधिवेशनाच्या तिसऱ्या आठवड्यात आली होती. वर्गात मेलेलं राज्यशास्त्र शिकवतात आणि टेकडीवर जिवंत चालू होतं. मी प्रेक्षकांच्या सज्जात बसून ते बघत होतो. दादा म्हणतो, मी फक्त बुटकं टेबल बघत होतो. दादाला राजकारणातलं काही कळत नाही.

९ सप्टेंबर

दादा त्या इमारतीचा वीजतंत्री आहे. रिकामी असली तरी आठवड्यातून एकदा सगळे दिवे, पंखे, माइक लावून बघावे लागतात, नाहीतर जाम होतात. आज मीही गेलो. बाकांवर पांढऱ्या चादरी. दादाने एकेक माइक ठोकत "एक, दोन, तीन" म्हटलं, आणि प्रत्येक पक्षाच्या बाजूने दादाचाच आवाज आला. आजवरचं सगळ्यांत शहाणं भाषण.

मी बुटक्या टेबलाशी जाऊन बसलो. खुर्ची कडक आहे, पाठ नीट टेकवताही येत नाही. इथे बसून ती त्या बडबड्यांचं ऐकते. मला त्या खुर्चीचाही राग आला.

दादा शिडीवरूनच ओरडला, "ऊठ. आणि कॉलेजचा पुनर्प्रवेशाचा फॉर्म आणलाय, तो भर."

"देशाची संसद चोरीला जातेय आणि तुला फॉर्मचं पडलंय!"

"देशाची संसद?" दादा खाली उतरला. "भडक्या, देशाचं नाव घेऊन रडू नकोस. देशाला लाज वाटेल."



१३ सप्टेंबर

गल्लीची बैठक. आमच्याच ओट्यावर. सगळे येतात, चहा पितात, "अन्याय आहे" म्हणतात आणि घरी जातात. झेरॉक्सवाला म्हणाला, निवेदन देऊ. मी म्हटलं, निवेदनं चाळीस वर्षं देताय, त्यांनी वर तुम्हालाच झेरॉक्स काढायला लावल्या! खूप हसले. मग मी ओट्यावर चढलो. काय बोललो ते आठवत नाही, पण शेवटी सगळे एका सुरात ओरडत होते: "संसद इथेच भरली पाहिजे!"

माझी कल्पना अशी. ते येत नाहीत ना? आपण भरवू. टेकडीच्या पायऱ्यांवर. ज्या ज्या घरात अधिवेशनाचं माणूस उतरतं, त्या घराने त्या माणसाची खुर्ची आणायची आणि रिकामी ठेवायची. शेकडो रिकाम्या खुर्च्या. बघू दे पेपरवाल्यांना.

इस्त्रीवाला मला मिठी मारून म्हणाला, "तुझ्या डोक्यात इतकं आहे आणि तू कॉलेज सोडलंस?" मी म्हटलं, सोडलं म्हणूनच आहे.

वहिनी कपबशा गोळा करता करता म्हणाली, "भावजी, तुमचं घोडं पेंड कुठे खातंय ते मला कळतं बरं का. पण तिचा जीव तिकडे अडकलाय. उगाच आशा लावून बसू नका."

वहिनी एरवी मला अरेतुरे करते. 'भावजी, तुमचं' आलं की समजावं, कान उपटणार आहे.

तिचा जीव कुठे अडकलाय ते मला ठाऊक आहे. बबड्यात.

१४ सप्टेंबर

बबड्याबद्दल एकदाचं लिहून टाकतो.

आमच्या घरात फोनला रेंज फक्त वरच्या गच्चीच्या कोपऱ्यात येते, पाण्याच्या टाकीजवळ. रोज आठ वाजता ती तिथे जाऊन उभी राहायची. एका कानावर हात, दुसऱ्या कानाला फोन. सभागृहात आठ तास त्या खुर्चीवर, आणि मग इथे तासभर उभी. मी जिन्यात बसून ऐकायचो. ऐकायचो म्हणजे ऐकू यायचं.

"बबड्या, जेवलास का? सगळं संपवलंस? खोटं नाही ना बोलत? दात घासलेस?"

कसला पुरुष आहे हा! घोड्यासारखा वाढलेला असणार आणि दात घासल्याची हजेरी द्यावी लागते. एकदा तर ती त्याला गाणं म्हणून झोपवत होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. असल्या ऐतखाऊ, लाडावलेल्या माणसासाठी ती डोळे पुसत गच्चीवरून खाली यायची. मी एकदाही विचारलं नाही. विचारायचं कशाला? असा माणूस तिच्या लायकीचा नाही, हे मी न बघताच सांगतो.

यंदा ती आली की मी स्पष्ट बोलणार आहे. आधी यायला तर हवी.

२१ सप्टेंबर

झालं! भरली संसद!

खुर्च्या इतक्या आल्या की पायऱ्या पुरल्या नाहीत, रस्त्यापर्यंत लागल्या. लाकडी, वेताच्या, प्लास्टिकच्या, एका घराने तर झोपाळाच आणला, कारण त्यांचा अवर सचिव त्यावरच बसतो. मी आमच्या वरच्या खोलीतली खुर्ची डोक्यावर घेऊन टेकडी चढलो आणि सगळ्यांत पुढे ठेवली.

इस्त्रीवाला अध्यक्ष. हातोडा म्हणून त्याने इस्त्रीच आपटली. मी रिकाम्या खुर्च्यांना प्रश्न विचारत गेलो. "सन्माननीय सदस्य गप्प का? उत्तर नाही? मग गेल्या वर्षापेक्षा काय वेगळं झालं?" लोक पोट धरून हसले, मग चिडले, आणि शेवटी दोन्ही एकदम. पोलीस आले. हवालदाराच्या घरीही अधिवेशनाचा एक माणूस उतरतो. तो खाली वाकून मला म्हणाला, "जरा आवर आता. आणि आमची खुर्ची मागे का ठेवलीस?"

पेपरात फोटो येणार. राजधानीतही तोच पेपर जातो. तिने बघावा. आपली खुर्ची तिने ओळखावी.

२८ सप्टेंबर

समिती येणार! सात खासदारांची. गावाचं म्हणणं ऐकून निर्णय देणार. गावाच्या वतीने मी बोलणार.

आणखी एक कळलं. 'कर्मचाऱ्यांच्या अडचणी' म्हणजे काय, तर संसदेच्या कर्मचाऱ्यांनीच अर्ज दिलाय, की आम्हाला चार आठवडे घर सोडून तिकडे पाठवू नका. पुढाकार लघुलेखन शाखेचा. बघा म्हणजे! आम्ही आमच्या खोल्या रिकाम्या करतो, बोळात झोपतो, आणि यांच्या अडचणी. ती त्यात नसणारच. तिच्या शाखेत आळशी माणसं भरलीत, तीच म्हणायची ना, सगळ्यांत जुना लघुलेखक अर्थसंकल्पाच्या दिवशी पेंगतो म्हणून. तसल्यांनीच केलं असणार. या अर्जाच्या चिंध्या नाही उडवल्या तर नावाचा भडक्या नाही.

भाषण लिहून वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या भागाला हात लावू नकोस."

"का?"

"बायामाणसांचा अर्ज असेल. कुणाचं काय असतं घरी."

म्हणजे काहीही.

६ ऑक्टोबर, दुपार

समिती पंचायतीच्या सभागृहात बसली. मी आत गेलो आणि दारातच थांबलो. समितीच्या टेबलाच्या टोकाला, वही उघडून, ती.

अर्थात. समिती म्हटली की जे बोललं जाईल ते लिहून घ्यायला कुणी तरी लागणारच. माझ्या डोक्यात कसं नाही आलं? तिने मान हलवली, ओळखीची, हसली पण थोडीच. मला दहा हत्तींचं बळ आलं.

असा बोललो! करार, इमारत, खुर्च्या. त्या डोंगराळ देशातली अधिवेशनं, त्या पेट्या, समुद्राकाठची संसद, तो खडकावरचा माणूस, सगळं तिचंच तिला ऐकवलं. जगात संसद माणसांकडे चालत जाते, आणि आमची चार घाट ओलांडायला कुरकुरते! समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला. ती मान खाली घालून लिहीत होती, पेन्सिल माझ्या जिभेबरोबर धावत होती. आजवर मंत्र्यांसाठी धावली ती पेन्सिल. मला थांबवेना.

मग अर्ज घेतला. म्हणालो, "अडचणी! चार आठवडे लांब राहिलं तर यांच्या घरी असं कोण उपाशी मरतं? कोण रडतं?"

टाळ्या. इस्त्रीवाल्याने शिट्टी मारली.

साक्ष संपली की लघुलेखक अस्पष्ट राहिलेलं विचारून घेतात, तशी पद्धत आहे. तिने मान वर केली. "शेवटचं वाक्य टाळ्यांत गेलं. पुन्हा सांगाल?"

मी सांगितलं. सावकाश, ठासून.

"'कोण रडतं', असंच लिहू?"

"असंच लिहा," मी म्हणालो.

तिने लिहिलं. मी मागे वळून बघितलं तर गाव टाळ्या वाजवत होतं आणि वहिनी खाली बघत होती.

६ ऑक्टोबर, संध्याकाळ

समिती विश्रामगृहात उतरलीय, पण ती वहिनीला भेटायला आली. माझ्याशी भाषणाबद्दल एक शब्द बोलली नाही. आठ वाजता म्हणाली, "गच्चीवर जाऊन येते."

मी जिन्यात बसलो. आज सोक्षमोक्ष लावणार होतो. टाकीची मोटर चालू होती, म्हणून तिने फोनचा आवाज मोठा केला.

"आई, तू उद्या येणार म्हणाली होतीस."

"परवा, बबड्या. परवा नक्की."

"आजीला दिसत नाही, तिने दुधात मीठ घातलं."

आणि रडायला लागला.

बबड्या पाच वर्षांचा आहे.

७ ऑक्टोबर

रात्री वहिनीशी भांडलो. "मला सांगितलं का नाहीस?"

"दोन वर्षं या घरात जेवत होती ती. आम्हाला सगळं माहीत. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने घरी नाही. सासूबाईंना नीट दिसत नाही. मूल त्यांच्यावर टाकून यायचं. मला वाटलं तुलाही माहीत आहे, म्हणून तर म्हणत होते, आशा लावू नकोस. तू तिला जगातल्या सगळ्या संसदा विचारल्यास रे. घरी कोण असतं, हे विचारलंस कधी?"

मी ताट सरकवलं. दादा मधे पडला नाही. नेमका आजच पडला नाही.

सकाळी विश्रामगृहावर गेलो. ती पोर्चमध्ये बसून वहीतलं उतरवून काढत होती.

मी म्हटलं, "ते शेवटचं वाक्य काढून टाका."

"साक्षीदाराला शब्द सुधारता येतात, मालक. अर्थ बदलता येत नाही. नियम आहे."

"मला माहीत नव्हतं."

"तेही लिहिता येत नाही."

"अर्ज तुम्ही...?"

"पहिली सही माझी." ती पेन्सिलीला टोक काढत राहिली. "तुम्ही खोटं काही बोलला नाहीत. प्रश्न विचारलात, कोण रडतं म्हणून. समितीने उत्तर मागितलं नाही, म्हणून ते कागदावर आलं नाही. एवढंच."

तिने चिडावं असं मला वाटत होतं. चिडली असती तर मी परत चिडलो असतो, मला ते जमतं. पण ती म्हणाली, "भाषण चांगलं झालं. त्या खडकावरच्या माणसाचं तुमच्या लक्षात राहिलं." आणि पुढच्या पानाकडे वळली.

परत येताना दोनदा ठेचकाळलो. दगडाला लाथ मारली, अंगठा सुजलाय. बरं झालं.

९ ऑक्टोबर

इस्त्रीवाल्याकडे गेलो. म्हटलं, आंदोलन मागे घेऊ. समितीला कळवू की राजधानीतच होऊ दे.

त्याने इस्त्री उभी ठेवली. "का?"

म्हटलं, "लोकांना त्रास होतो."

"कुठल्या लोकांना? भडक्या, हे चार आठवडे गेले तर मी दुकान बंद करून जायचं कुठे? खानावळवाल्याने नवी भांडी घेतलीत तुझ्या शब्दावर. तूच ओट्यावर चढलास ना? आता कुणी तुला खाली उतरवणार नाही." मग हळू आवाजात, "मुलगी आहे ना?"

"बाई आहे. आणि विषय तो नाही."

"विषय तोच होता, लेका. सगळ्या गल्लीला माहीत होतं. आम्हाला वाटलं, असू दे, पोराच्या प्रेमात गावाचं भलं होतंय तर आपलं काय जातंय."

सगळ्यांना माहीत! हवालदारालाही माहीत असणार. त्या पुढच्या खुर्चीकडे बघून सगळे हसले असणार. मी त्याची घडी घातलेली शर्टांची थप्पी ढकलून दिली. मग परत उचलून ठेवली. त्याने सगळे शर्ट पुन्हा केले. त्याचाच जास्त राग आला.

१९ ऑक्टोबर

निर्णय आला. अधिवेशन दरवर्षी इथेच, ठरल्याप्रमाणे, चार आठवडे. समितीच्या अहवालात माझ्या साक्षीचा उल्लेख आहे, 'गावाने मांडलेला बिनतोड मुद्दा' असा. बिनतोड मुद्दा कुठला, तर शेवटचाच.

मला खांद्यावर घेऊन मिरवलं. वरून गल्ली फार लहान दिसते. मी "उतरवा, उतरवा" ओरडत होतो. त्यांना वाटलं, आनंदाने ओरडतोय.

११ नोव्हेंबर

खोली झाडली. दादाला न विचारता कोठीतली लहान खाट वर चढवली. वहिनीने बघितलं, आणि धुतलेली छोटी गोधडी आणून टाकली. तिने बबड्याला आणावं, वहिनी दिवसभर सांभाळेल, असं संसदेच्या पत्त्यावर कळवलं होतं. उत्तर नाही.

१७ नोव्हेंबर

अधिवेशन सुरू झालं. टेकडीवर दिवे. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही.

आमच्याकडे उतरलेत ते साठीचे, टक्कल पडलेले लघुलेखक. अर्थसंकल्पाच्या दिवशी पेंगणारे ते हेच! लहान खाटेवर त्यांनी बॅगा ठेवल्यात. जेवताना मीच विचारलं. तोंडात घास घोळवत ते म्हणाले, "ती? ती आता आमच्यात नाही. सूची विभागात बदली मागून घेतली, तळघरात. जुन्या भाषणांचे विषय लावत बसायचं. दौरा नाही, पण श्रेणीही खालची. फार चांगला हात होता हो तिचा, असा हात वीस वर्षांत बघितला नाही. काय करणार, इथे दरवर्षी यायचंच असं ठरलं ना."

"कुणी ठरवलं?" वहिनी पटकन म्हणाली, "संसदेनेच ना?" मला वाचवायला म्हणाली.

"मी," मी म्हटलं. आणि उठलो.

एवढा राग आयुष्यात आला नव्हता, आणि ज्याच्यावर काढावा असा समोर कुणी नव्हता. म्हातारा ढेकर देत होता. म्हटलं, निदान यांच्यावर तरी काढावा. आठ वाजता ते धापा टाकत गच्चीवर निघाले, मी मागोमाग. टाकीच्या कोपऱ्यात उभे राहिले, एका हाताने कठडा धरून, दुसरा कानाशी.

"जेवलीस का? गोळी घेतलीस? खोटं नाही ना बोलत? असं काय करतेस, चारच आठवडे तर आहेत..."

मी जिन्यात थांबलो. मग खाली गेलो आणि खोलीतली खुर्ची उचलली, टेकडीवर मिरवलेली, तीच. वर नेली, टाकीजवळ ठेवली. म्हातारबुवा दचकले, हातानेच थँक्यू म्हणाले आणि बसले.

दोन वर्षं ती तिथे उभी होती. मी रोज जिन्यात बसलेलो असायचो.